आठ जणांचा वर्ग

वानखडे पुन्हा भडकले होते. संध्याकाळी चहाचा कप घेऊन मी संगणकासमोर बसले, तर त्यांचा हा भला मोठा मजकूर येऊन पडलेला.

‘टिपणीस मॅडम, तुम्ही मिरजेत पंख्याखाली बसून सांगता, ऑपरेशनच्या आधी अँटिबायोटिकचा एक डोस द्या आणि नंतर बंद करा. माझा पेशंट टाके निघायच्या आत शेतात जाऊन उभा राहतो. जखमेत पू झाला तर तो तुमच्या दारात येणार नाही, माझ्या येईल. मी पाच दिवस देतो आणि देत राहणार.’

खाली सिस्टर गवईंचं उत्तर होतं. त्यांनी नेहमीप्रमाणे आधी सरांची माफी मागितली होती आणि मग सरांना पार उभं-आडवं घेतलं होतं. पू शेतात गेल्याने होतो की आपण हात नीट न धुतल्याने होतो, हे सरांनी कधी बघितलं आहे का, असा त्यांचा सवाल. त्याच्याखाली फार्मसीवाले भुतडा. ते भांडणात कधी पडायचे नाहीत, फक्त कोणतं इंजेक्शन किती खपतं तेवढं सांगून बाजूला व्हायचे, आणि त्यामुळे भांडण आणखी पेटायचं.

मी चहा तसाच ठेवला आणि लिहायला बसले. या माणसाच्या भडकण्याची मी सकाळपासून वाट बघत होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आता त्याला बरीच वर्षं झाली. मेडिकल कॉलेजातून सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापक म्हणून मी नुकतीच निवृत्त झाले होते. लग्न केलं नव्हतं, आई जाऊन काही वर्षं लोटली होती. एकट्या राहणाऱ्या बाईला माणसं नकोच असतात, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. त्यात मी तोंडाची फटकळ. कॉलेजात चार जण भीत होते म्हणून का होईना, बोलत तरी होते. निवृत्त झाल्यावर भीतीही गेली आणि बोलणंही. दूधवाला, कामाला येणारी मंगल आणि बँकेतले एक सदा वैतागलेले गृहस्थ, एवढ्यांशी बोलून माझा आठवडा संपायचा.

अशात पुण्याच्या एका संस्थेने मला हे काम दिलं. रुग्णालयातल्या डॉक्टर-नर्सनी अँटिबायोटिक जपून कसं वापरावं, याचा ऑनलाइन कोर्स. आठवड्याला एक धडा, धड्यावर छोटी परीक्षा, आणि एक चर्चेचं पान. पानावर प्रत्येकाने काहीतरी लिहायचं आणि मी उत्तर द्यायचं. आता या चर्चेचं म्हणाल तर बाकीच्या रुग्णालयांत सगळा आनंदीआनंद होता. ‘खूप उपयुक्त माहिती’, ‘धन्यवाद मॅडम’, एवढं लिहून मंडळी प्रमाणपत्राची वाट बघत बसायची. कोणी म्हणून वाद घालायचं नाही. मेलं, वाद नाही तर शिकवायचं कुणाला?

फक्त धामणखेडचा वर्ग जिवंत होता. अमरावतीच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतलं हे तालुक्याचं गाव. तिथलं ट्रस्टचं रुग्णालय. आठ जणांनी नावं नोंदवली होती. त्यांचा चेहरा मी पाहिला नव्हता, आवाजही ऐकला नव्हता. तिकडे इंटरनेट अगदीच मरतुकडं, त्यामुळे सगळं लेखी चालायचं. पण माणसं मला पक्की ठाऊक झाली होती. वानखडे सर्जन, तापट आणि मनाने मोकळे. गवई सिस्टर आतून पोलादी. भुतडा धूर्त. बाळंतपणाच्या डॉक्टर ठोसरबाई जरा भाबड्या, पण एकदा पटलं की मागे हटायच्या नाहीत. आठातले एकच जण मुखदुर्बळ होते, लहान मुलांचे डॉक्टर तायडे. धडे वेळेवर, परीक्षेत उत्तम मार्क, पण चर्चेत एक अक्षर नाही. मी त्यांना एकदा टोचून लिहिलंसुद्धा, की डॉक्टर, तुम्ही नुसते ऐकायला बसला आहात की तुम्हालाही काही वाटतं? त्यावर उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी वानखड्यांनीच त्यांची बाजू घेतली, की तायडे मितभाषी आहे, त्याला छळू नका.

मधल्या काळात संस्थेने कोर्स बंद करायचा विषय काढला. समितीचं म्हणणं चूक नव्हतं. लोक नुसती बटणं दाबून प्रमाणपत्र नेतात, वॉर्डात काडीचा फरक पडत नाही, मग हा खटाटोप कशाला? एक रुग्णालय दाखवा, जिथे खरोखर काही बदललं आहे, म्हणजे पुढे चालू ठेवू. मी छातीठोकपणे धामणखेडचं नाव सांगितलं. कोर्स गेला असता तर संध्याकाळी सहाला चहा घेऊन मी कुठे बसायचं होतं, हा प्रश्न मी समितीला विचारला नाही. पण माझ्या दृष्टीने प्रश्न तोच होता.

आणि धामणखेडनेही माझी लाज राखली. वानखडे हळूहळू नमायला लागले. आधी म्हणाले, मॅडमच्या समाधानासाठी एका हर्नियाला नंतरचं औषध बंद करून बघतो. मग चारपाच दिवस पानावर सामसूम. माझा जीव टांगणीला. मग एका संध्याकाळी एवढंच आलं: ‘जखम कोरडी. हरलो.’ मी घरात एकटीच होते, तरी टाळी वाजवली. गवई सिस्टरनी लिहिलं होतं, सरांनी आज स्वतःहून हात धुतले. त्या रात्री मी स्वतःसाठी शिरा केला.

समितीला अहवाल द्यायचा होता. मी म्हटलं, नुसतं कागदावर कशाला, एकदा जाऊनच येऊ. खरं कारण वेगळंच होतं. मला त्यांना बघायचं होतं. पानावर तसं लिहिल्याबरोबर सगळ्यांची एकच धांदल उडाली. वानखडे म्हणाले, रस्ता इतका वाईट आहे की तुम्हाला माझ्याच ऑपरेशनच्या टेबलावर यावं लागेल. ठोसरबाईंनी उन्हाची काळजी केली. भुतडांनी एसटीचं वेळापत्रक बेभरवशाचं असल्याचं कळवलं. प्रत्येकाने आपापल्या परीने नको म्हटलं आणि मला तो लोभ वाटला. मी बेदाण्याची आठ पाकिटं घेतली, महाराष्ट्र एक्स्प्रेसने बडनेऱ्याला उतरले आणि पुढे एसटीने हाडं खिळखिळी करून घेत धामणखेडला पोचले.

वानखडे बाह्यरुग्ण विभागात होते. मी आत जाऊन समोरच्या खुर्चीत बसले आणि हसून त्यांच्याकडे बघत राहिले. मी कल्पना केली होती त्यापेक्षा ते बरेच जाड होते, आणि कपाळावर गंध होतं. त्यांनीही हसून विचारलं, “बोला आजी, कुठं दुखून राहिलं?”

मी म्हटलं, कुठे नाही, मी टिपणीस. मिरजेची. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी म्हटलं, कोर्सची. तेव्हा कुठे त्यांची ट्यूब पेटली आणि ते खुर्चीतून उठले.

“हो हो, तो तायडेचा कोर्स. झालो न आम्ही पास? ट्रस्टींनी सांगितलं सर्वांनी करा म्हणून. मले कुठं वेळ आहे मॅडम? आम्ही सर्वांनी पासवर्ड तायडेले देऊन टाकले. त्याले आवड आहे अशा गोष्टींची.”

ते फार आदराने बोलत होते. चहा मागवला, प्रवासाची चौकशी केली. मी बेदाण्याचं एक पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. ते का, हे त्यांना कळलं नाही आणि मला सांगता आलं नाही.

मी तरी आशा सोडली नव्हती. गवई सिस्टरना शोधून काढलं. त्या सलाईन लावत होत्या. तायडे सरांनी काहीतरी भरलं होतं खरं आमच्या नावाने, एवढंच त्या म्हणाल्या आणि संकोचून हसल्या. आवाज अगदी मऊ. पोलाद वगैरे काही दिसलं नाही. भुतडा रजेवर होते. ठोसरबाई धावपळीत होत्या, त्यांनी मला कोणा नव्या आईची सासू समजून बाहेर बसायला सांगितलं. उरलेल्यांकडे मी गेलेच नाही. बाकावर बसून राहिले, पिशवी मांडीवर घेऊन. काय वाटलं ते साध्या शब्दांत सांगते. घरातली माणसं गेल्यावर वाटतं तसं वाटलं. ज्यांच्यासाठी मी दिवसभर जगत होते ती माणसं एका सकाळीत नाहीशी झाली होती आणि मला त्यांच्यासाठी रडायचीही सोय नव्हती.

मग राग आला. राग आला की मला चालता येतं. मी बालरुग्ण विभागात गेले.

तायडे किरकोळ अंगाचे, पंचेचाळिशीचे. एका पोराच्या छातीला नळी लावून ऐकत होते. मला पाहताच त्यांनी नळी कानांतून काढली. ओळख द्यावी लागली नाही. पोराला आईकडे देऊन ते मला आपल्या छोट्याशा खोलीत घेऊन गेले, दार लोटलं आणि उभेच राहिले.

“तुमचे सगळे भेटले,” मी म्हटलं.

ते खाली बसले. मी जे तोंडाला येईल ते बोलले. फसवणूक म्हटलं, पोरखेळ म्हटलं. समितीपुढे मी धामणखेडचं नाव घेऊन बसले आहे, आता खरं सांगितलं तर कोर्स उद्या बंद होईल आणि खोटं सांगितलं तर मी कुणाला तोंड दाखवू, असंही म्हटलं. ते मान खाली घालून ऐकत होते. माझा दम संपल्यावर मी विचारलं, की पास व्हायला प्रत्येकाच्या नावाने दोन ओळी पुरल्या असत्या. हा एवढा प्रपंच कशासाठी?

“दोनच ओळी लिहिल्या होत्या मॅडम, पहिल्यांदा,” ते म्हणाले. “वानखडे सरांच्या नावाने. तुम्ही त्याला केवढं मोठं उत्तर दिलंत. मला वाटलं, सरांनी हे वाचलं असतं तर काय म्हटलं असतं? ते लिहिलं. मग सिस्टर काय म्हणाल्या असत्या, तेही सुचलं. रोज जेवताना सरांना ऐकतो, वॉर्डात सिस्टरना, बोलणं पाठ आहे. माझी बायको-मुलगी नागपूरला असते, मुलीच्या शाळेसाठी. क्वार्टरवर जाऊन करणार काय? मी सहा वाजायची वाट बघायचो.”

मीही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. म्हणायला हवं होतं की काय, कोण जाणे.

त्यांच्या स्वतःच्या नावाने एकदाही का नाही लिहिलं, हे मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, मला जे वाटायचं ते कुणा ना कुणाच्या तोंडून येतच होतं. मग त्यांनी आपण होऊन एक गोष्ट सांगितली. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्या वॉर्डात एक नवजात बाळ होतं. रक्तात जंतू भरला होता. तपासणीचा रिपोर्ट आला तर एकही औषध चालणारं नाही. बाळ गेलं. तोच जंतू त्याच्या काही दिवस आधी वानखड्यांच्या वॉर्डात एका जखमेत सापडला होता. पाच-पाच दिवस सगळ्यांना औषधं मारून मारून तिथे जे तग धरतं, ते भिंत ओलांडून इकडे येतं. एकच इमारत, त्याच सिस्टर, तेच आम्ही. हे ते अगदी सपाट आवाजात बोलले.

“मग वानखडे काय म्हणाले यावर?”

“तुम्ही वाचलंच आहे मॅडम. आधी चिडले, मग हळूहळू…”

“ते तुम्ही लिहिलेले वानखडे. मी खऱ्यांचं विचारते आहे.”

बाहेर ते मूल रडायला लागलं होतं. तायडेंनी दाराकडे बघितलं.

“खऱ्या सरांना विचारलं नाही,” ते म्हणाले.

माझा राग कुठल्या कुठे गेला. या माणसाने गेले कित्येक महिने रोज वाद घातला होता, हरला होता, जिंकला होता, एका माणसाला पुरता पटवून दिलं होतं, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता. मी म्हटलं, चला, आत्ता बोलू. मी आहे बरोबर.

ते घाबरून म्हणाले, आता जेवणाची वेळ आहे आणि जेवताना पेशंट नाही. मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. ऑपरेशन थिएटरच्या मागच्या खोलीत सगळे डॉक्टर एकत्र डबे उघडतात. फार पूर्वी वानखड्यांनीच तिथे नियम घातला होता, की या टेबलावर पेशंटचा विषय काढायचा नाही. दिवसभर पू आणि रक्त बघतो, निदान दोन घास सुखाने खाऊ. नियम चांगलाच होता. पण त्या टेबलाशिवाय हे लोक एकमेकांना भेटतच नव्हते. एक थिएटरात, एक वॉर्डात, एक लेबर रूममध्ये. तायडे वर्षानुवर्षं वानखड्यांच्या शेजारी बसून जेवत होते, आणि दोघांमध्ये क्रिकेट, आंबाडीची भाजी आणि वानखड्यांच्या मुलाची बारावी, एवढेच विषय झाले होते.

“मग मी बोलते,” मी म्हटलं. “मला कुठे तुमचे नियम माहीत आहेत?”

“नको मॅडम. तुम्ही बोललात तर ते हो म्हणतील. पाहुण्या म्हणून. आणि तुम्ही गेल्यावर विसरतील.”

हे बरोबर होतं. मी पिशवी उचलली आणि त्यांच्याबरोबर जेवायला निघाले.

जेवणाच्या खोलीत वानखड्यांनी माझं जोरात स्वागत केलं. माझ्यासाठी ताट मागवलं, स्वतःच्या डब्यातला ठेचा वाढला आणि जपून खा म्हणून बजावलं. ठोसरबाईंनी सकाळच्या घोटाळ्याबद्दल माफी मागितली. हसणं-खिदळणं चालू होतं. तायडेंनी डबा उघडून तसाच ठेवला होता. मला वाटलं, हा माणूस आज काही बोलणार नाही. आणि मग मी मिरजेला जाऊन काय करायचं तेही मला उमजेना.

“अबे तायडे, जेवत काहून नाही?” वानखडे म्हणाले. “मॅडमनं नापास केलं का तुले?”

“सर, उद्या त्या हर्नियाचं ऑपरेशन आहे ना,” तायडे म्हणाले. “त्याला नंतरचं अँटिबायोटिक देऊ नका. आधीचा एक डोस पुरे.”

वानखड्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

“जेवताना पेशंट नाही, तायडे.”

“माहीत आहे सर. पण तुम्ही दुसरीकडे भेटता कुठे?”

आणि मग त्यांनी बाळाचं सांगितलं, आणि सरांच्या नावाने मिरजेला काय काय लिहिलं तेही. माझ्याशी बोलले त्या सपाट आवाजात नाही. मधेमधे अडखळले, शब्द मागेपुढे झाले. जंतू कुठून आला हे मी सिद्ध करू शकत नाही, कदाचित माझ्याच हातून गेला असेल, असंही म्हणाले. पानावर त्यांनी वानखड्यांना जे इतकं रेखीव समजावलं होतं, त्यातलं निम्मंसुद्धा त्यांना तोंडाने धड सांगता आलं नाही. ठोसरबाई खाली बघत होत्या. वानखड्यांचा चेहरा काळा पडला होता.

“हे केव्हाचं आहे?”

“दिवाळीचं.”

“दिवाळीपासून तू माझ्या बाजूले बसून जेवून राहिला,” वानखडे म्हणाले, “अन् हे भांडण तू मिरजेच्या बाईसोबत केलं. मले नाही सांगितलं.”

“वाटलं, तुम्ही हसाल.”

“हसलो असतो. मग?”

वानखडे उठले, कोपऱ्यातल्या नळावर हात धुतले आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं, आता ते निघून जातील. ते वळले आणि जे बोलायला लागले, ते मात्र पानावरच्या वानखड्यांच्या तोंडी कधीच आलं नव्हतं. नवेनवे सर्जन झाले होते तेव्हा त्यांनी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे एका पोराला ऑपरेशननंतर औषध दिलं नव्हतं. शाळेत जाणारा पोरगा, त्यांच्याच गावचा. जखम बिघडली, विष अंगात भिनलं आणि पोरगा गेला. औषध न दिल्याने गेला की थिएटरातल्या घाणीने, ते त्यांना अजून माहीत नव्हतं. पण त्याचा बाप अजून बाजारात दिसतो आणि नमस्कार करतो. त्या दिवसापासून मी कुणाचंही औषध बंद केलं नाही, ते म्हणाले, आणि हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

तायडे त्यांच्याकडे बघत राहिले. हा माणूस त्यांना पाठ होता ना! त्याच्या नावाने ते पानंच्या पानं लिहीत होते. आणि त्यांना हे ठाऊक नव्हतं.

वाद तिथे मिटला, असं कुणाला वाटेल. उलट तिथून सुरू झाला. वानखडे बिलकूल नमले नाहीत. मला जंतू शिकवू नको, म्हणाले. तायडेंनी त्यांना विचारलं, की त्या पोराच्या वेळी ऑपरेशनच्या आधीचा डोस तरी वेळेवर दिला होता का? वानखडे इतके भडकले की ठोसरबाईंनी खिडकी लावून घेतली. मग तेच म्हणाले, आठवत नाही. मग म्हणाले, बहुतेक उशिरा दिला असेल. मग तायडेंनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर काहीतरी आखून दाखवलं आणि वानखड्यांनी त्यावर काट मारली. शिव्याही झाल्या. मी मधे एकदोनदा तोंड उघडलं, शेवटी विषय माझा होता. पण दोघांचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. टेबलावर दोन डबे उघडे पडले होते, आणि ही दोन माणसं एकमेकांकडे तोंड करून अशी बसली होती, की खोलीत आणखी कुणी आहे याची त्यांना जाणीव नव्हती.

माझी एसटी होती. मी ताट बाजूला सारलं, पिशवी उचलली. निघते म्हटलं, ते बहुधा कुणी ऐकलं नाही. गवई सिस्टरनी दारापर्यंत येऊन रिक्षा करून दिली.

मिरजेला आल्यावर मी समितीला खरं काय ते लिहिलं. धामणखेडचे आठ जण प्रत्यक्षात एक होते. सात जणांची प्रमाणपत्रं रद्द करावीत. तायडेंची शिक्षा काय ते ठरवताना त्यांनी पुढे काय केलं तेही बघा, एवढी ओळ मी घातली. समितीने तायडेंना एक कडक पत्र पाठवून विषय संपवला आणि कोर्सही संपवला. त्यांचं बरोबरच होतं. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. चर्चेचं पान काही दिवस उघडत होतं, मग तेही उघडेनासं झालं.

पुढे काही महिन्यांनी एका संध्याकाळी माझा फोन वाजला. माझा फोन सहसा वाजत नाही, त्यामुळे मी दचकलेच. वानखडे होते. मॅडम, तुम्ही माझं जेवण हराम केलं, म्हणाले. हा तायडे आता रोज भांडतो. टेबलावर पेशंटशिवाय दुसरा विषय नाही. ऑपरेशनच्या आधीचा डोस सिस्टर घड्याळ बघून देतात, आणि बहुतेकांना नंतरचं औषध मी बंद केलं आहे. सगळ्यांना नाही. शेतात जाणाऱ्यांना अजून दोन दिवस देतो, तेवढं तायडेला पटत नाही. त्यावरून काल दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, आज पुन्हा सुरू केलं. जखमा कोरड्या आहेत. आणि तायडेच्या वॉर्डातही बरं चाललं आहे.

मला फार बरं वाटलं. खरंच वाटलं. मी त्यांना म्हटलं, शेतात जाणाऱ्यांनाही नको, तायडेंचंच खरं आहे. ते हसले, पण भडकले नाहीत. “ते तुम्ही म्हणता तर असेल मॅडम,” म्हणाले. इतक्या आदराने म्हणाले की पुढे काय बोलावं ते मला सुचेना. बोलणं लांबावं म्हणून मी त्यांच्या मुलाच्या बारावीचं विचारलं. चांगले मार्क पडले म्हणाले.

“बरं मॅडम, ठेवू का? तायडे येऊन राहिला इकडे. हातात काहीतरी कागद आहे त्याच्या.”

मी ठेवा म्हटलं. फोन बंद झाला तरी मी तो हातातच धरून बसले. सहा वाजून गेले होते. खऱ्या वानखड्यांशी मी आत्ता बोलले होते, चांगला माणूस होता. आणि मला आठवण येत होती ती त्या दुसऱ्या वानखड्यांची, जे माझ्यावर रोज भडकायचे आणि जे कुठेच नव्हते.